दादाच्या टाकीचा लाइट

९ फेब्रुवारी

वहिनी,

टाकीचा लाइट गेला. फोनवरच सांगितलं असतं, पण फोन तुम्ही उचलत नाही, आणि तुमच्या ताईंना केला तर "ती झोपलीय" एवढंच ऐकायला मिळतं. सकाळी केला तरी तुम्ही झोपलेल्या, संध्याकाळी केला तरी झोपलेल्या. बरं. पत्र माणूस उठल्यावरही वाचू शकतो, म्हणून लिहायला बसलो.

तर लाइट. दादाने वर चार ट्यूब लावल्या होत्या, दोन पांढऱ्या, दोन निळ्या. एक तो हॉस्पिटलात होता तेव्हाच गेली. दुसरी तुम्ही गेल्यावर. परवा तिसरी. उरलेली एक लुकलुकते आहे, आणि तिचं काही खरं नाही. खालची कोरल आखडून बसलीत. मासे मात्र मजेत आहेत, त्यांना उजेडाशी काही देणंघेणं नाही, खायला मिळालं की झालं. आमच्या थिएटरातल्या मंडळींसारखे.

ट्यूब कुठून आणायच्या, कुठल्या आणायच्या, किती जोराच्या, याबद्दल दादा तुमच्याजवळ कधी काही बोलला होता का? मला माहीत आहे हा प्रश्नच चुकीचा आहे. एक्स-रे काढणारा माणूस. दिवसभरात त्याचं बोलणं म्हणजे "श्वास रोखा" आणि "सोडा". घरी आल्यावर तेही नाही. खुर्ची ओढायची आणि टाकीपुढे बसायचं. तरी बायको म्हणून चुकून एखादा शब्द तुमच्या कानावर पडला असेल, म्हणून विचारतो.

आपलं भांडण मी विसरलेलो नाही. तुम्ही म्हणालात, ही टाकी काढा, नाहीतर मला या हॉलमध्ये बसता येणार नाही. मी नाही म्हणालो. तुम्ही पुन्हा म्हणालात, मी पुन्हा नाही म्हणालो. मग तुम्ही बॅग भरलीत, "चार दिवस ताईकडे जाऊन येते." हे चार दिवस काही संपायला तयार नाहीत. मी आजही टाकी काढणार नाही, वहिनी. दादाचं मागे राहिलेलं, श्वास घेणारं असं तेवढंच आहे. आणि मला तुम्हीही घरी हव्या आहात. दोन्ही एका हॉलमध्ये मावत नाही असं तुमचं म्हणणं, आणि मला त्यावर अजून तरी काही सुचलेलं नाही.

बाकी मी ठीक आहे. लोक विचारतात, कसा आहेस, मी म्हणतो ठीक, आणि ते खोटं नसतं. जेवतो, तालमीला जातो, कपडे धुतो. दादाला जाऊन आता दोन महिने होतील, मला एकदाही रडू आलेलं नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं आहे. गाल आहे हे हाताला कळतं, गालाला कळत नाही.

ट्यूबचं तेवढं कळवा. ताईंना नमस्कार.

भाऊजी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही काही कळवलं नाहीत, त्यामुळे मीच जाऊन आलो. मासळीबाजाराच्या मागे ते दुकान आहे, दादा जायचा तेच. मालकीणबाईंनी मला बघताच ओळखलं. म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे भाऊ. नाक तेच." मग म्हणाल्या, "गेले ना? मला वाटलंच. ते दर शनिवारी पाणी तपासून न्यायचे." आणि लगेच वळून कुणाला तरी जाळं कुठे ठेवलंय ते ओरडून सांगू लागल्या. मला ते बरं वाटलं. दुःख व्यक्त करणाऱ्या लोकांपुढे तोंड कसं ठेवायचं, हे मला अजून जमत नाही.

ट्यूब आता येत नाहीत म्हणे. बंद झाल्या. सगळं एलईडी. बाईंनी एकाच टाकीवर तीन प्रकार लावून दाखवले, आणि मी खुर्ची मागून बसलोच. आपल्या धंद्याचा, नाटकाच्या लाइटचा विषय.

पहिला म्हणजे चपटी पाटी. सगळीकडे सारखा उजेड, कोपऱ्यातसुद्धा. कचेरीत असतो तसा. सगळं दिसतं आणि काहीच बघावंसं वाटत नाही. दुसरी लांब पट्टी, टाकीच्या काठावर टेकवायची, दादाच्या ट्यूबच्या जवळची. बरी होती. बाईंचं मत तिला होतं. तिसरा मात्र स्पॉट. मुठीएवढा, वर दांडीला टांगायचा. तो लावला आणि वाळूवर उजेडाच्या रेघा पळायला लागल्या. पाणी हललं की रेघा हलतात. दगडाची सावली पडते, तिच्यात मासा शिरतो, बाहेर येतो, चमकतो. वहिनी, तो लाइट नव्हता, तो प्रवेश होता.

बाई म्हणाल्या, "दिसायला झकास, पण जोराचा आहे. तुमची टाकी उथळ, तीन-चार बादल्यांची. एवढ्या टाकीला पट्टी पुरे. हाच हवा असेल तर सुरुवातीला अगदी मंद ठेवा. मग आठवड्या-आठवड्याला थोडा थोडा वाढवायचा."

मी म्हटलं, "बाई, माझा जन्म गेला लाइट करण्यात."

"माणसांवर," त्या म्हणाल्या. "माणसं उठून सावलीत जातात."

बोलायला तिखट आहेत. तुमचं आणि त्यांचं जमेल. मी स्पॉट घेतला.

तुम्हाला आठवतं, माझ्या प्रत्येक नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला तुम्ही शेवटच्या रांगेत बसायचा, आणि घरी आल्यावर दरवेळी एकच शेरा, "अंधार फार होता, तोंडं दिसत नव्हती." पेपरवाल्यांनी वाहवा केली तरी तुमचं आपलं तेच. आता पुढच्या महिन्यात नवीन नाटक उभं राहतंय. त्यात तोंडं दिसतील अशी व्यवस्था केली आहे. कुणासाठी केली ते विचारू नका.

भाऊजी


२ मार्च

वहिनी,

लाइट लागला. थिएटरातली एक जुनी पकड आणली, भिंतीत दोन खिळे ठोकले, दांडी आडवी केली, स्पॉट टांगला. दादाने भिंतीला खिळा ठोकू दिला नसता, पण त्याने आता काय बोलायचं.

या स्पॉटला दोन बटणं आहेत, एक पांढऱ्याचं, एक निळ्याचं. पांढरा मी अर्ध्यावर ठेवला, बाईंचा मान राखून. निळा लावला तर काही दिसेचना. नुसती मरगळ. मग सरकवत सरकवत फुल केला, तेव्हा कुठे रात्र वाटली. निळा हा रंगच तसा. आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात, निळा फुलवर न्यायचाच, नाहीतर प्रेक्षकांना काळोखच दिसतो. बटणांची वसाहत आहे ना, दगडावर, दादा ज्यांना "बटणं" म्हणायचा ती कोरलची हिरवी-केशरी गोल गोल तोंडं, ती अशी पेटली की हॉलमध्ये दुसरा दिवाच नको. समोरच्या वकीलीणबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, हे असं होतं होय?" इतकी वर्षं शेजारी राहून त्यांनी टाकी पहिल्यांदा बघितली.

मग मी दादाच्या खुर्चीत बसलो. बराच वेळ. सुंदर आहे, हे मला कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. मी वाट बघत बसलो, की आता काहीतरी होईल. नंतर भूक लागली म्हणून उठलो.

तुम्हाला या लाइटचं नाव नको आहे, हे मला ठाऊक आहे, आणि का नको तेही ठाऊक आहे. तुम्ही कधी सांगितलं नाहीत, पण मी चहाचे दोन कप घेऊन दारातच उभा होतो. किती दिवस तुम्ही त्याच्या पलंगाशी बसून होतात, पाठ टेकली नव्हतीत. त्याने डोळे उघडले, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "टाकीचा लाइट बंद केलास का?" तुम्ही म्हणालात, "केला." तो झोपला आणि उठलाच नाही. एवढा संसार करून बायकोला शेवटचं वाक्य हे.

त्यातून मी काही गोड अर्थ काढून देणार नाही. ताई काढतील, वकीलीणबाईंनी तर काढलासुद्धा. दादा तसाच होता. त्याला टाकीची काळजी होती, त्याने टाकीचं विचारलं.

पण त्यात त्या बटणांचा काय दोष, वहिनी?

भाऊजी


१९ मार्च

वहिनी,

वाट लावली मी.

आधी काही लक्षात आलं नाही. निळ्या उजेडात सगळंच पेटल्यासारखं दिसतं, त्यात कोण आजारी आहे ते कळत नाही. परवा वाळू साफ करायला म्हणून हॉलचा साधा दिवा लावला, स्पॉट बंद केला, आणि बघतो तर बटणं पांढरी. हिरवी नाहीत, केशरी नाहीत, धुऊन धुऊन विटलेल्या कपड्यासारखी. अर्ध्याहून अधिक तर मिटलेलीच. मागे तो मोठा आहे, मेंदूसारख्या वळ्या असलेला, त्याच्या वरच्या अंगाला कातडीच राहिलेली नाही, खालचं हाड दिसतंय. जे सावलीत होतं तेवढं शाबूत.

तसाच दुकानात गेलो. बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "निळा किती होता?" मी म्हटलं, फुल. त्यांनी कपाळाला हात लावला. "का पण?" मी म्हटलं, दिसत नव्हता म्हणून.

आणि हे बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे निळा म्हणजे दिव्यापुढे लावलेला जिलेटिन पेपर. दिवा पिवळा, कागद निळा, आणि तो कागद बहुतेक सगळा उजेड गिळून टाकतो. म्हणून फुलवर न्यायचा, तरी पलीकडे थेंबभरच पोचतो. हात बसलाय तसा. इथे कागदच नाही, वहिनी. इथे दिवाच निळा आहे. जेवढा लावला तेवढा सगळाच्या सगळा आत जातो. फक्त माणसाच्या डोळ्याला तो कमी दिसतो. माझ्या डोळ्याला मरगळ दिसत होती आणि खाली ती भाजून निघत होती. त्यांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, उजेडावर ते रांधतं आणि बटणं खातात. उजेड सोसेनासा झाला की ते शेवाळच बाहेर टाकून देतात. मग रंगही जातो आणि अन्नही. धंद्यात नवा असतो तर बाईंचं ऐकून मंद ठेवला असता. जाणकार होतो म्हणून मारली.

आता पुढचं लिहू की नको असं झालंय. घरी येऊन मी टाकीपुढे उभा राहिलो आणि मनात आलं, राहू दे. काही करू नये. असंच चालू ठेवलं तर पंधरवड्यात सगळं संपेल, मी टाकी धुऊन गच्चीवर ठेवीन, आणि तुम्हाला लिहीन, की झालं, या आता. काढली असंही नाही, राखली असंही नाही. माझा शब्द मोडला नाही आणि तुमचाही राहिला. असा विचार करत मी चांगला वेळ उभा होतो. वाईटही वाटलं नाही, ते जास्त वाईट.

मग खिडकीची डासांची जाळी कापली. तिचे तीन थर करून टाकीवर पसरले, स्पॉट वर छताजवळ नेला, निळा पार खाली आणला. हे बाईंनीच सांगितलं. दर आठवड्याला जमेल तसा एकेक थर काढायचा. खायला बारीक पूड दिलीय, ती पिचकारीने तोंडाशी सोडायची. किती वाचतील ते त्या सांगत नाहीत. "बघू," म्हणतात.

खिडकीला जाळी नाही, त्यामुळे डास मला खातात.

भाऊजी


६ एप्रिल

वहिनी,

ताईंचं पत्र आलं. चार ओळी. "तुमची पत्रं तिला वाचून दाखवते. ऐकते, बोलत नाही. मागच्या पत्रावर मात्र म्हणाली, मरू दे म्हणावं त्यांना. तुम्हाला कळवावं असं वाटलं."

मरू दे.

ठीक आहे. मग आता माझंही ऐका, आणि ताई, हे वाचून दाखवायचं असेल तर सगळं वाचा, मधलं गाळू नका.

शेवटचं वाक्य टाकीबद्दल होतं म्हणून तुम्ही रुसून बसलात. घर टाकलंत, मला टाकलंत. वहिनी, मी तुमच्या लग्नात शाळेच्या गणवेशात होतो. आईनंतर मला ताट वाढलं ते तुम्ही. रात्री तालीम लांबली की झाकून ठेवलेलं जेवण तुमचं असायचं. आणि दादा गेल्यावर मला न विचारता, न सांगता, एका टाकीच्या रागावर तुम्ही निघून गेलात. माझं कोण गेलं होतं? शेजारचा गेला होता का?

तुम्हाला निदान एक वाक्य मिळालं. वाईट असेल, कोरडं असेल, पण तुमच्याकडे बघून बोललेलं. मी दारात होतो. चहा घेऊन. त्याने माझ्याकडे मान वळवली असती तर मी दिसलो असतो. नाही वळवली. आधीचे दिवसही मी रोज येत होतो, रोज विचारत होतो, दादा, काही हवंय का, आणि तो हाताने नाही म्हणायचा. नुसता हात. "श्वास रोखा" म्हणाला असता तरी मी आयुष्यभर जपलं असतं.

मला तुमचा हेवा वाटतो. लाज सोडून लिहितो, हेवा वाटतो. त्या वाक्याचा तुम्हाला एवढा राग असेल तर ते मला द्या. मी घेतो. रोज संध्याकाळी मी लाइट बंद करतो आणि मोठ्याने सांगतो, बंद केला रे. कुणीतरी विचारलं आहे असं समजून सांगतो. वकीलीणबाईंना वाटतं माझ्या डोक्यावर परिणाम झाला.

ती मरणार नाहीत. मी मरू देणार नाही.

हे लिहिताना मी रडतो आहे. अक्षर फिसकटलंय ते त्यामुळे. डिसेंबरपासून पहिल्यांदा. यासाठी तुमचे आभार मानायचे की काय ते कळत नाही.

भाऊजी


८ एप्रिल

वहिनी,

परवाचं पत्र फाडून टाका. किंवा नका टाकू. त्यातलं खोटं काही नाही, फक्त आवाज चढला. तुमच्यासमोर कधी चढवला नव्हता.

भाऊजी


२१ एप्रिल

वहिनी,

फोन आला आणि मला आधी आवाजच ओळखू येईना, इतके दिवस झाले. तुम्ही पहिलं काय विचारलंत, तर "खिडकीला जाळी बसवलीत का?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "डास चावून मलेरिया होईल, मग कोण बघणार." मी फोन धरूनच एक डास मारला. बिल तुमचं वाढत होतं.

मग तुम्ही जे म्हणालात ते मी घोळवतो आहे. "भाऊजी, मला टाकीचा राग नाही. तो लाइट लागला की मला ते ऐकू येतं. मी हॉलमध्ये असले की येतं, स्वयंपाकघरात असले तरी येतं. मी 'केला' म्हटलं, पण केला नव्हता. चार दिवस मी घरीच आले नव्हते, कधी करणार? मी खोटं बोलले आणि तो झोपला."

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं तुम्ही त्याच्यावर रागावला आहात.

वहिनी, लाइट बंद होता. चार दिवस संध्याकाळी मीच येऊन बंद करत होतो. कपडे बदलायला येत होतो ना, तेव्हा. तुम्ही "केला" म्हणालात ते खरंच होतं, फक्त करणारा मी होतो. मी हे तुम्हाला फोनवर लगेच सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात ताईंनी फोन घेतला. म्हणून लिहून पाठवतो. दोनदा वाचा.

भाऊजी


५ मे

वहिनी,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवतोय, पाण्याच्या तांब्याखाली, म्हणजे उडणार नाही. हॉस्पिटलात पेन्शनच्या सह्या करायला तुम्ही मंगळवारी येताय, आणि नेमका मी आज दौऱ्यावर निघतोय. हे तुम्ही ठरवून केलंत का, असं मी विचारणार नाही. किल्ली वकीलीणबाईंकडे आहे. त्या आत बसवून गप्पा मारतील, कंबर कसून जा.

फ्रिजमध्ये दोन दिवसांचं आहे. करपलेलं नाही, थोडं खारट आहे. तुमची खोली झाडली. दादाच्या कपाटाला हात लावलेला नाही. खिडकीला जाळी बसवली, नवी.

आता टाकी. मेंदूवाला गेला. मी पिचकारी घेऊन रोज बसायचो त्याच्यापाशी, पण वाचला नाही. काढून वेगळा ठेवलाय, गच्चीत, नुसतं हाड. बटणं मात्र निम्मी आली. जाळीचा शेवटचा थर परवा काढला. रंग अजून पहिल्यासारखा नाही, आधी तपकिरी होतात म्हणे, मग हिरवं धरतं. कडेला दोन नवीन तोंडं फुटली आहेत, डाळीएवढी. मी चष्मा लावून बघितलं, आहेत. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आता तरी हात लावू नका कशाला." स्पॉट परत केला. पट्टीच आणली, त्यांचं मत होतं तीच. रेघा पळत नाहीत आता. साधा उजेड आहे.

टाकीच्या मागे दोन प्लग आहेत, चिकटपट्टी लावून नावं लिहिली आहेत. 'पाणी' लिहिलंय त्याला हात लावू नका, ते बंद झालं तर सगळी जातील. 'लाइट' लिहिलंय तो तुमचा. दुपारी आपोआप लागतो, संध्याकाळी आपोआप जातो. तुम्हाला सोसला नाही तर सरळ उपटून ठेवा. अंधारात ती चार दिवस आरामात राहतात, बाईंना विचारून घेतलंय. चार दिवसांनी थोडा वेळ लावायचा, पुन्हा काढायचा. किंवा लावायचाच नाही. मग जे होईल ते होईल.

मी हे रागाने लिहीत नाही, आणि तुम्हाला जोखायलाही नाही. मी टाकी काढणार नाही असं म्हणत होतो ना, ते संपलं. दादाचं मागे राहिलेलं, श्वास घेणारं तेवढंच, असं मी तुम्हाला लिहिलं होतं. तोंड वर करून लिहिलं होतं, आणि तुम्हालाच लिहिलं होतं. मला तुम्ही हव्या आहात. टाकी असली तर असो.

सह्या झाल्या की ताईंकडे परत जायचं तुमचं तिकीट बुधवारचं आहे, हे ताईंनी सांगितलं. मी शुक्रवारी दुपारी येतो.

किल्ली माझ्याजवळ आहे. तरी मी बेल वाजवीन, आणि दोन मिनिटं दारात थांबेन.

भाऊजी